हिल एंड: सोनं संपलेल्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीला मुलांकडे आलेले आई-वडील ऑपेरा हाऊस, ब्लू माउंटन्स आणि दोन-तीन समुद्रकिनारे उरकतात आणि तिसऱ्या आठवड्यात विचारतात, "आता कुठे?" मी हिल एंड सांगते. मग जे प्रश्न येतात ते दर वेळी तेच असतात. फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा कोरडा पडला, म्हणून एकदाची लिहून काढली.

हे गाव आहे तरी कुठे?

न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीच्या वायव्येला. गाडीने साधारण चार तास. ब्लू माउंटन्स ओलांडून आधी बाथर्स्ट गाठायचं. 1815 साली वसलेलं बाथर्स्ट हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातलं पहिलं युरोपीय शहर. तिथून हिल एंड जेमतेम 80 किलोमीटर, पण वळणावळणाचा डोंगरी रस्ता आहे, तेव्हा सव्वा तास धरा. दुसऱ्या बाजूने, द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मजी गावाकडूनही येता येतं. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर आहे, थंडीचे कपडे त्या हिशेबाने घ्या.

बघण्यासारखं काय आहे?

खरं सांगू? रिकाम्या जागा. हे ऐकून निम्मे लोक बेत रद्द करतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. ज्यांना 'पॉइंट' बघायचे असतात त्यांचं इथे मन रमणार नाही.

1870च्या दशकाच्या सुरुवातीला इथे सुमारे 8,000 लोक राहत होते असं सांगतात. 28 दारूची दुकानं, पाच बँका, दोन वर्तमानपत्रं, आठ चर्च, आणि मैलभर लांब दुकानांची रांग. आज वस्ती शंभराच्या आसपास. मधली सगळी घरं गेली. रस्ते मात्र जागच्या जागी आहेत. तुम्ही रुंद रस्त्यावरून चालत असता, दोन्हीकडे गवत, मध्येच एखादं घर, पुन्हा गवत. त्या गवताच्या कडेला एक फलक, आणि फलकावर नेमक्या त्याच जागेचा 1872चा फोटो: लाकडी दुकान, दारात मालक, शेजारी हाताची घडी घालून उभी बायको, पायऱ्यांवर पोरं. फोटो बघायचा, मान वर करायची. समोर कांगारू चरत असतो.

मला विचाराल तर हिल एंड म्हणजे एवढंच, आणि माझ्यासाठी ते चार तासांच्या प्रवासाला पुरेसं आहे.

गाव वसलं कसं?

ही मुळात विराजुरी या मूळ रहिवाशांची भूमी. फेब्रुवारी 1851 मध्ये बाथर्स्टजवळ ओफिरला सोनं सापडलं, एडवर्ड हारग्रेव्हसने त्याचा गाजावाजा केला, आणि मे महिन्यात बातमी जाहीर होताच माणसं कामधंदे टाकून डोंगरात धावली. त्याच वर्षी ट्युरॉन नदीकाठी सोफाला उभं राहिलं आणि पलीकडे तांबरूरालाही सोनं मिळू लागलं. हिल एंड हा तेव्हा तांबरूराचा धाकटा शेजारी. पुढे धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं. आज तांबरूरात दफनभूमी आणि जुन्या खुणा सोडल्या तर फारसं काही नाही.

सुरुवातीचं सोनं ओढ्या-नाल्यांतल्या गाळातलं. फावडं, घमेलं आणि पाणी असलं की काम भागे, एकटा माणूसही नशीब काढू शके. ते सरत आलं तेव्हा लोक खडकाकडे वळले. गावाजवळच्या हॉकिन्स हिलमध्ये गारेच्या (क्वार्ट्झ या पांढऱ्या दगडाच्या) शिरा होत्या आणि त्या शिरांत सोनं. पण खडक फोडायचा तर सुरुंग हवा, खोल विहिरीसारखे खड्डे हवेत, दगड भरडायला वाफेवरची यंत्रं हवीत. म्हणजेच भांडवल हवं. तिथून कंपन्या आल्या, शेअर आले, आणि सिडनीत बसून हिल एंडच्या शेअरवर सट्टा खेळणारेही आले.

जगातला सगळ्यात मोठा सोन्याचा गोळा इथलाच ना?

इथलाच, पण तो गोळा नव्हता. 19 ऑक्टोबर 1872च्या रात्री 'स्टार ऑफ होप' खाणीत सुरुंग उडवल्यावर एक प्रचंड शिळा समोर आली. उंची जवळपास माणसाच्या खांद्याइतकी, वजन 286 किलो. गारेचा दगड आणि सोनं एकमेकांत गुंतलेलं. खडकातून एकसंध निघालेलं सोन्याचं एवढं मोठं धोंड आजवर दुसरं सापडलेलं नाही. 'नगेट' हा शब्द निव्वळ सोन्याच्या गोळ्यासाठी वापरतात, म्हणून जाणकार मंडळी याला 'होल्टरमान नगेट' म्हटलं की नाक मुरडतात. लोक म्हणायचं थांबत नाहीत.

बर्नहार्ट होल्टरमान हा त्या खाणीच्या मालकांपैकी एक, हॅम्बुर्गहून आलेला जर्मन. त्याचा भागीदार लुई बायर्स. दोघांनी बरीच वर्षं हालात काढली. होल्टरमान एकदा सुरुंगाच्या स्फोटात मरता मरता वाचला, मध्ये पोटासाठी एक दारूचं दुकानही चालवलं. 1868 मध्ये दोघांनी एकाच दिवशी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं. भागीदार होते ते साडूही झाले.

मग तो दगड आता कुठल्या संग्रहालयात आहे?

कुठल्याच नाही. भरडून टाकला.

होल्टरमानला तो हवा होता. अंदाजे किंमत 12,000 पौंड ठरली होती, त्यावर हजार पौंड जास्त देऊन स्वतः विकत घ्यायची त्याची तयारी होती. खाणीच्या कंपनीने नकार दिला. दगड यंत्राखाली गेला, आणि काही महिन्यांत होल्टरमानने कंपनी सोडली.

तुम्ही जो फोटो सगळीकडे बघता (दाढीवाला रुबाबदार होल्टरमान, हात त्या दगडावर ठेवलेला) तो जोडकाम आहे. दगड कधीच पीठ होऊन गेला होता. होल्टरमानला स्टुडिओत उभं करून फोटो काढला, दगडाचा फोटो त्याच्या हाताखाली बसवला, आणि मागे त्याच्या नव्या बंगल्याचा व्हरांडा जोडला. फोटोशॉपच्या शंभर वर्षं आधी! बारकाईने बघितलं तर हात जरा अधांतरी वाटतो.

एवढे जुने फोटो टिकले कसे?

बोफॉय मर्लिन नावाचा फिरता छायाचित्रकार आणि त्याचा तरुण मदतनीस चार्ल्स बेलिस 1872 मध्ये गावात आले. धंदा साधा होता: प्रत्येक घरासमोर, दुकानासमोर मालकाला उभं करायचं, फोटो काढायचा आणि प्रती विकायच्या. त्यामुळे झालं असं, की मोठ्या इमारतींबरोबर खाटकाचं दुकान, चांभाराची टपरी, सालींच्या पत्र्यांनी शाकारलेली झोपडी, सगळ्यांची नोंद झाली. राजवाड्यांचे फोटो जगभर आहेत. झोपडीच्या दारात उभ्या असलेल्या बाईचे नाहीत.

तंत्रही ऐकण्यासारखं आहे. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओली असतानाच ती काच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवून काढायची. म्हणजे अंधारखोली बरोबर घेऊनच हिंडायचं, घोडागाडीत. फोटोला काही सेकंद लागत, तेवढा वेळ माणसं खांबासारखी उभी राहत. कुत्री आणि पोरं राहत नसत. म्हणून कित्येक फोटोंत दारात स्पष्ट बाप दिसतो आणि त्याच्या पायाशी एक धूसर डाग, तो त्याचा मुलगा.

होल्टरमानने मर्लिनला पैसा पुरवला. परदेशात वसाहतीचं वैभव दाखवून लोकांना इकडे ओढायचं, ही त्याची कल्पना. मर्लिन 1873 मध्येच वारला, बेलिसने काम पुढे नेलं. नंतर काचा विस्मरणात गेल्या त्या थेट 1951 पर्यंत. त्या वर्षी सिडनीच्या चॅट्सवूड भागात एका घरामागच्या शेडमध्ये सुमारे 3,500 काचा सापडल्या. आज त्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात आहेत आणि इंटरनेटवर फुकट बघता येतात. जायच्या आदल्या रात्री आई-बाबांना मोठ्या पडद्यावर दाखवा, फोटो मोठा करत न्या. काच इतकी बारकाईने टिपते, की दुकानाच्या पाट्या आणि खिडकीतला माल स्पष्ट दिसतो. माझे सासरे तासभर एका किराणा दुकानाच्या फोटोत अडकले होते. त्यांचं स्वतःचं दुकान होतं, त्यांना मांडणी कळत होती.

गाव ओस का पडलं?

सोनं सरलं. शिरा खोल जाऊन पातळ झाल्या, शेअरचे भाव कोसळले, आणि 1874 नंतर माणसं जशी आली तशीच उठून गेली. जाताना घरं सोडून गेली नाहीत, लाकूड, पत्रे, खिडक्या उचकटून घेऊन गेली. त्यामुळे इथे पडकी घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. 1930च्या मंदीत बेकार लोक पुन्हा घमेली घेऊन ओढ्यांत उतरले, पण तो पोटापुरता उद्योग होता.

होल्टरमानचं पुढे काय झालं?

सिडनीच्या उत्तर भागात उंच मनोरा असलेला बंगला बांधला. त्या मनोऱ्यावरून 1875 मध्ये बेलिसने सिडनी बंदराचे जे प्रचंड काच-फोटो काढले त्यांची आजही वाहवा होते. 'जीवनरक्षक थेंब' नावाचं औषध विकलं (या माणसाला काहीच वर्ज्य नव्हतं). विधानसभेत निवडून आला आणि 1885 मध्ये सत्तेचाळिसाव्या वाढदिवसालाच गेला. बंगल्याच्या जागी आता शाळा आहे. साडू बायर्स मात्र हिल एंडच्या जास्त जवळचा राहिला. गावात शिरताना रस्त्याच्या दुतर्फा जी मोठी परदेशी झाडं लागतात ती बायर्सने लावलेली, म्हणून तो बायर्स अव्हेन्यू. एकाने मनोरा बांधला, एकाने झाडं लावली. मला बायर्स आवडतो.

चिनी लोकही होते का?

भरपूर. तांबरूराला त्यांची मोठी वस्ती होती. दुसऱ्यांनी सोडून दिलेला गाळ पुन्हा चिकाटीने धुऊन ते सोनं काढत. तांबरूराच्या दफनभूमीत चिनी खाणकामगारही पुरले गेले. जवळच गोल्डन गली आहे: लाल-पिवळ्या मातीची, पाण्याने आणि फावड्यांनी कोरलेली अरुंद घळ. भिंतींत आजही खोदलेल्या भोकांची तोंडं दिसतात. संध्याकाळच्या उन्हात नाव सार्थ वाटतं. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, ही घळ चुकवू नका. त्या भोकांत मात्र डोकावू नका, माती भुसभुशीत आहे.

कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांची आठवण दगडी भट्ट्यांत आहे. 1850च्या दशकात बांधलेल्या या भट्ट्यांत गारेचा दगड भाजत, म्हणजे तो ठिसूळ होऊन भरडायला सोपा जाई. आपल्याकडे कोलारच्या खाणीत पुढे जे गोरे खाणकामगार आले, तेही बरेचसे कॉर्नवॉलचेच.

चित्रकारांचं गाव असं का म्हणतात?

1947 मध्ये रसेल ड्राइसडेल आणि डोनल्ड फ्रेंड हे दोघे चित्रकार सिडनीहून या बाजूला आले आणि वेडे झाले. ओसाड रस्ते, एकाकी घरं, तांबडी जमीन. ड्राइसडेलच्या 'सोफाला' या चित्राला त्याच वर्षी निसर्गचित्रांसाठीचं विन पारितोषिक मिळालं. फ्रेंडने इथे कुडाच्या भिंतींचं छोटं घर घेतलं. हो, कूडच. काठ्या-फांद्यांचा सांगाडा आणि वरून मातीचा लेप, अगदी कोकणातल्यासारखा. आईला ते घर बघून "अगं, हे तर आपल्या आजोळासारखं!" असं झालं होतं, आणि मग तिला मातीत काय काय मिसळतात यावर बोलायला अख्खी संध्याकाळ पुरली नाही.

1948चं 'द क्रिकेटर्स' मराठी माणसाला लगेच कळेल. इंग्लंडमधल्या एका प्रकाशकाने क्रिकेटचं चित्र मागवलं होतं. त्याच्या मनात बहुधा हिरवळ आणि पांढरे कपडे असावेत. ड्राइसडेलने पाठवलं ते असं: ओस गावातल्या उंच भिंती, लांबच लांब सावल्या, आणि तीनच जण, एक टाकतोय, एक खेळतोय, एक भिंतीला टेकून बघतोय. म्हणजे गल्ली क्रिकेट, फक्त गल्लीतली बाकीची माणसं निघून गेलेली. मागची प्रेरणा हिल एंडची.

पुढे मार्गारेट ऑली, जॉन ओल्सन, ब्रेट व्हाइटली असे बरेच आले. इथल्या दोन जुन्या घरांत आजही निवडक कलाकारांना राहून काम करण्यासाठी बोलावतात.

अजून माणसं राहतात? की हे सगळं संग्रहालय आहे?

राहतात, आणि हे फार महत्त्वाचं. 1967 मध्ये गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं आणि राज्याच्या राष्ट्रीय उद्यान व वन्यजीव सेवेकडे आलं. पण मधली काही घरं खाजगी आहेत, शाळा आहे, पोरं सायकली हाणत असतात. जुनं दिसतंय म्हणून कुणाच्याही फाटकातून आत शिरू नका, खिडकीला नाक लावू नका. आपल्या मंडळींना हे आवर्जून सांगावं लागतं. माझ्या एका पाहुण्याने कुणाच्या तरी न्हाणीघराचा फोटो काढला होता.

सोनं शोधता येतं का?

ऐतिहासिक स्थळाच्या हद्दीत खणणं आणि मेटल डिटेक्टर फिरवणं चालत नाही. हौस असेल तर घमेल्याने गाळ चाळण्यासाठी परवानगी असलेल्या जागा जवळपास आहेत, गावातल्या माहिती केंद्रात विचारा. 'इथलं सोनं सापडून परत गाडीचा हप्ता भरू' असं म्हणणारे आतापर्यंत तिघे झाले. तिघेही पेट्रोलचा खर्च सोसून घरी आले.

खाणीच्या आत जायचं असेल तर बाल्ड हिलची खाण मार्गदर्शकाबरोबर बघता येते. वेळा आधी फोन करून ठरवा.

आई-बाबांना चालायला जमेल?

गावातलं बहुतेक सपाट आहे. रॉयल हॉटेल, जुनी दुकानं, चर्च, बायर्स अव्हेन्यू हे सगळं रमतगमत दोन तासांत होतं. बाल्ड हिलवरून पूर्ण गाव दिसतं, तिथवर चढ आहे, पण थांबत थांबत जमतो. किसिंग पॉइंटवरून हॉकिन्स हिलच्या बाजूची दरी दिसते. नावावरून बाबांना चिडवून झालं की गाडीनेच जा.

पायवाट सोडून झुडपात मात्र जाऊ नका. जुने उघडे खड्डे आहेत, काही खूप खोल. उन्हाळ्यात साप.

केव्हा जावं?

एप्रिलचा शेवट किंवा मे. इकडे तेव्हा शरद ऋतू असतो, परदेशी झाडांची पानं पिवळी-तांबडी होतात, हवा कोरडी आणि स्वच्छ. जून ते ऑगस्ट रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं. डिसेंबर-जानेवारीत ऊन आणि माशा.

राहायचं कुठे आणि शाकाहारी काय मिळेल?

'रॉयल हॉटेल' 1872चं. त्या 28 दारूच्या दुकानांमधलं टिकलेलं एकमेव. ऑस्ट्रेलियात हॉटेल म्हणजे मुळात दारूचं दुकान, वर राहण्याच्या खोल्या, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दारातच चेहरा पडतो. तंबू लावायचा असेल तर राष्ट्रीय उद्यान विभागाच्या जागा आहेत, आधी आरक्षण लागतं. संध्याकाळी तंबूभोवती कांगारूंचा कळप असतो. खायला देऊ नका.

शाकाहारी जेवणाच्या भरवशावर जाऊ नका, चिप्स-सॅलडवर भागवायला लागू शकतं. आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि उकडलेले बटाटे नेतो. चहाचं सामान पाहिजेच. गोठलेल्या सकाळी त्या उघड्यावर गॅसच्या शेगडीवर आल्याचा चहा उकळतो तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं आपणहून ओळख करून घ्यायला येतात.

रस्त्याबद्दल काही?

सोफालामार्गे डांबरी रस्ता आहे, साध्या गाडीने जा. सोफालाला थांबून त्या एका अरुंद रस्त्यावर पाय मोकळे करा. मॅक्वेरी नदीच्या कडेने जाणारी जुनी घोड्यांची वाट, ब्रायडल ट्रॅक, फारच देखणी, पण अरुंद आणि कड्याच्या टोकाने जाणारी. 2010 मध्ये दरड कोसळून ती कित्येक वर्षं मधोमध बंद होती. फोर-व्हील ड्राइव्ह आणि सवय दोन्ही असेल तरच विचार करा, आणि निघण्याआधी स्थिती तपासा.

पेट्रोलची टाकी बाथर्स्ट किंवा मजीला भरा. फोनच्या सिग्नलवर विसंबू नका, नकाशा उतरवून ठेवा. आणि अंधार पडायच्या आत पोहोचा. पहिल्या खेपेला आम्ही बाथर्स्टला जेवणात वेळ घालवला आणि शेवटचे वीस किलोमीटर संधिप्रकाशात, दर वळणाला एक कांगारू, अशा वेगाने काढले की मागे बसलेली आई अथर्वशीर्ष म्हणू लागली.

मुलांना कंटाळा येईल का?

पहिला अर्धा तास येतो. मग त्यांना जुना फोटो हातात द्या आणि ही जागा शोधा म्हणावं. माझ्या भाच्याने एका फोटोतला धूसर डाग दाखवून विचारलं, "हा हलला का?" म्हटलं, हो. तो त्या गवतात नेमक्या त्या डागाच्या जागी जाऊन उभा राहिला, हालला नाही, आणि म्हणाला, "आता काढ."